‘हिचं लक्षच नसतं!’ : यकृताच्या आजारातलं न दिसणारं दुखणं

(महिला कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘लिव्हर सिरॉसिस’ असा छापलेला पाहून काही जणींना नवल वाटलं असेल. बायकांच्या शिबिरात यकृताचं काय काम? संबंध शोधला तर एकच सापडतो, दारूचा. दारूबंदीसाठी आपण मोर्चे काढले, गावोगाव बाटली आडवी करण्यासाठी मतदान घडवून आणलं. दारूने घर कसं मोडतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण आज मी दारूबद्दल फार बोलणार नाही. दारू सुटल्यानंतरही घरात जे उरतं त्याबद्दल, आणि आयुष्यात दारूचा थेंबही न घेतलेल्या बाईला जे सोसावं लागतं त्याबद्दल बोलणार आहे. एका सार्वजनिक रुग्णालयात मी समाजसेविका म्हणून काम करते. यकृताचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्या बायका माझ्याकडे येतात. मदतीचे कागद भरायला, रक्तदाते मिळवायला, कधी नुसतं बोलायला. त्यांच्या बोलण्यातून मला हा विषय कळत गेला.

आधी थोडं शरीराबद्दल. यकृताला पुन्हा पुन्हा इजा झाली की ते भरून येताना त्यात व्रण तयार होतात. असे व्रण वाढत जाऊन सगळं यकृत घट्ट आणि गाठाळ झालं की त्याला सिरॉसिस म्हणतात. त्याचं एक कारण दारू. पण तेवढंच नव्हे. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ या विषाणूंमुळे तो होतो. मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर यकृतात चरबी साठते, त्यातून होतो. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच यकृतावर उलटते, अशा प्रकारचे काही आजार आहेत आणि ते पुरुषांपेक्षा बायकांमध्ये पुष्कळ जास्त आढळतात. तरीही सिरॉसिस झालेल्या बाईला शेजारणीपासून नातेवाइकांपर्यंत सगळे पहिला प्रश्न विचारतात, ‘ही घेत होती की काय?’ आजाराच्या आधी बदनामी तिच्या दारात येऊन उभी राहते.

पोटात पाणी होणं, पाय सुजणं, रक्ताची उलटी, कावीळ ही सिरॉसिसची लक्षणं लोकांना ठाऊक असतात. कारण ती दिसतात. न दिसणारी गोष्ट निराळीच आहे. आपण खातो त्यातली प्रथिनं पचताना आणि आतड्यातल्या जंतूंच्या कामातून अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. यकृत निकामी होऊ लागलं की हे काम अर्धवट राहतं. शिवाय व्रणांमुळे रक्ताची वाट अडते, ते यकृताला वळसा घालून आडवाटेने पुढे जातं. मग अमोनिया आणि इतर घातक द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात. हे प्रमाण वाढलं की माणूस बरळतो, दिवस-वार विसरतो, हात पुढे धरले तर पंजे फडफडतात, शेवटी बेशुद्ध होतो. हे सगळ्यांना दिसतं. माणसाला उचलून दवाखान्यात आणलं जातं.

पण त्याच्या कितीतरी आधी एक अवस्था असते. डॉक्टर तिला ‘मिनिमल हिपॅटिक एन्सेफॅलोपथी’ म्हणतात. मी तिला मेंदूवरचं मळभ म्हणते. पाऊस नाही, अंधारही नाही, पण उजेड मंद झालेला. लक्ष टिकत नाही. विचाराचा वेग कमी होतो. एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळता येत नाहीत. अंतराचा अंदाज चुकतो, हाताची बारीक कामं बिघडतात. झोप उलटीपालटी होते, म्हणजे दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जाग. मात्र बोलणं शाबूत राहतं. नाव, गाव, मुलांची नावं सगळं बिनचूक सांगता येतं. त्यामुळे बाह्यरुग्ण विभागातल्या गर्दीत डॉक्टर दोन-चार मिनिटं बोलले तर त्यांना यातलं काहीही जाणवत नाही. आणि खुद्द रुग्णालाही बरेचदा आपलं काही बिघडलंय हे कळत नाही.

हे क्वचित घडतं असंही नाही. अमेरिका आणि युरोपच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, सिरॉसिसच्या २० ते ८० टक्के रुग्णांमध्ये हे मळभ असू शकतं असं म्हटलं आहे. चाचणी कोणती आणि रुग्ण किती आजारी यावर आकडा बदलतो. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९० रुग्णांपैकी ६१ जणांमध्ये ते आढळलं होतं.

आता प्रश्न असा, की जे डॉक्टरला दिसत नाही आणि रुग्णाला कळत नाही, ते दिसतं कुणाला? घरातल्या बाईला. तिला ते सर्वांत आधी दिसतं, आणि तिच्यावर सर्वांत शेवटी विश्वास ठेवला जातो.

एका रिक्षावाल्याची बायको मला म्हणाली होती, “ताई, दारू सुटली पण माणूस काही परत आला नाही.” नवऱ्याने दोन वर्षं दारूला हात लावला नव्हता. पण सुटे पैसे देताना चुकायचा, नेहमीच्या रस्त्यावर वळण विसरायचा, दिवसा स्टँडवर झोपायचा आणि रात्री घरात येरझाऱ्या घालायचा. सासू म्हणायची, ‘आळशी झालाय, तूच लाडावून ठेवलंय.’ शेजारी म्हणायचे, चोरून घेत असेल. दवाखान्यात विचारलं की तो स्वतः सांगायचा, ‘मी ठणठणीत आहे.’ आणि बायको काही बोलायला लागली, तर ‘बाई, पेशंटला बोलू द्या.’ शेवटी तिने दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर रोजच्या खुणा करायला सुरुवात केली. आज रात्रभर जागे. आज रिक्षा दुभाजकाला घासली. ते कॅलेंडर घेऊन ती आली तेव्हा पुढच्या तपासण्या झाल्या. मेंदूवर मळभ असताना वाहन चालवणं धोक्याचं असतं, हे परदेशांत प्रत्यक्ष गाडी चालवायला लावून केलेल्या चाचण्यांतही दिसलं आहे. पण रिक्षा थांबली तर चूल कशी पेटणार? ते ओझंही शेवटी तिच्याच डोक्यावर आलं. ती आता चार घरचे डबे करते.

ही झाली काळजी घेणाऱ्या बाईची गोष्ट. रुग्ण स्वतः बाई असेल तर?

रुग्णाच्या आयुष्याची प्रत मोजायला संशोधक प्रश्नावल्या वापरतात. त्यांतली एक पुष्कळ वापरली गेलेली प्रश्नावली झोप, चालणं-फिरणं, लोकांत मिसळणं, सावधपणा, नोकरी, करमणूक यांच्याबरोबर घरकामाचाही स्वतंत्र हिशेब ठेवते. हॉलंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती वापरली, तेव्हा हे मळभ असलेल्यांचं रोजचं जगणं खरोखरच ढासळलेलं आहे हे दिसून आलं. म्हणजे कागदावर तरी घरकाम हे काम आहे! आपल्या दवाखान्यात काय होतं? ‘काय काम करता?’ ‘काही नाही, घरीच असते.’ केसपेपरवर ‘गृहिणी’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. पुरुषाची नोकरी सुटली तर नुकसानीची नोंद होते. बाईला पोळ्या लाटता येईनाशा झाल्या, एका वेळी कुकर, दूध आणि नातवंडाकडे लक्ष ठेवणं जमेना, सुईत दोरा ओवता येईना, याची कुठेच नोंद होत नाही. त्याला आजार म्हणतच नाहीत. त्याला म्हणतात, ‘हिचं लक्षच नसतं!’

आणि हे फक्त सासरचे म्हणतात असं समजू नका. एक उदाहरण सांगते, ते आपल्याला झोंबेल. पन्नाशीतली एक बाई. दारू नाही, तंबाखू नाही. तिच्या बचत गटाचा हिशेब तीच लिहायची. सातवी शिकलेली, आकड्यांना पक्की, सगळ्या गटाचा तिच्यावर भरवसा होता. मग वहीत चुका होऊ लागल्या. एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर, एक रक्कम दोनदा मांडलेली, बेरीज कधी जमायची, कधी नाही. शिलकीत साडेतीन हजारांची तूट निघाली. भर बैठकीत तिला विचारलं गेलं, पैसे कुठे घातलेस? तिला उत्तर देता आलं नाही, कारण तिलाच ते माहीत नव्हतं. तिने कानातलं गहाण ठेवून पैसे भरले आणि गट सोडला. पैसे भरले म्हणजे चोरी कबूल केली, असाच अर्थ सगळ्यांनी काढला. चार महिन्यांनी पोटात पाणी झालं म्हणून ती आमच्याकडे दाखल झाली. तपासणीत सिरॉसिस निघाला आणि पुढच्या चाचण्यांत हे मळभही. “मग मी चोर नाही ना?” तिने मला पहिला प्रश्न हा विचारला. यकृताचं काय होणार, हे तिने त्यानंतर विचारलं.

तिच्या परवानगीने मी गटातल्या बायकांशी बोलले. दोघी-तिघी रडल्या, एकीला शेवटपर्यंत पटलं नाही. ती बाई गटात परत गेली, पण वही तिने पुन्हा हातात घेतली नाही. आता तिथे दोघी मिळून हिशेब लिहितात आणि तिसरी मोठ्याने वाचून दाखवते. खरं तर हा नियम प्रत्येक गटात असावा, कुणी आजारी असो वा नसो.

मैत्रिणींनो, यावर उपाय आहेत, म्हणूनच हे सगळं सांगते आहे. चंडीगडच्या त्याच अभ्यासात काही रुग्णांना तीन महिने लॅक्टुलोज हे औषध दिलं. त्यांच्या चाचण्या सुधारल्या आणि जगण्याची प्रतही सुधारली. रिफॅक्झिमिन या दुसऱ्या औषधाचाही असाच फायदा लुधियानाच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये दाखवला आहे, पण ते महाग पडतं. निदानासाठीही दर वेळी मोठं यंत्र लागत नाही. कागदावरचे विखुरलेले आकडे क्रमाने जोडायला सांगतात आणि वेळ मोजतात. आकडे न येणाऱ्यांसाठी चित्रं जोडण्याची चाचणी भारतीय डॉक्टरांनीच तयार करून १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडच्या अंगठेबहाद्दर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बायकांची आठवण वैद्यकशास्त्राला झाली, याचं मला अप्रूप वाटतं. अगदी सोपी चाचणी म्हणजे एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायची. इटलीतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की पंधराहून जास्त नावं आली तर चिंता कमी, दहापेक्षा कमी आली तर नीट तपासणी हवी. वय आणि शिक्षण यांचा त्यावर परिणाम होतो. तेव्हा कृपा करून घरी जाऊन कुणाचा निकाल लावू नका! रक्तातल्या अमोनियाच्या एका आकड्यावरूनही निदान होत नाही. थायरॉइड, रक्तक्षय, साखर कमी-जास्त होणं, नैराश्य यांतही लक्ष उडतं. निदान डॉक्टरांनीच करायचं. आपलं काम त्यांना प्रश्न विचारण्याचं.

आता औषधाच्या वाटेतल्या अडचणी पाहू. लॅक्टुलोज हे गोड, चिकट पातळ औषध आहे. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौचाला व्हावं इतकं ते घ्यायचं असतं. त्याहून जास्त झालं तर जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होतं आणि मळभ उलट वाढतं. ऐकायला सोपं आहे. पण भाजी विकायला पहाटे घर सोडणारी बाई मला सांगते, “औषध घेऊ कसं? बाजारात जायला जागा आहे का?” पुरुष कुठेही आडोशाला जातो, ती जाऊ शकत नाही. म्हणून ती औषध बंद करते, पाणीही कमी पिते. मग बद्धकोष्ठ होतं आणि आजार उसळतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम कार्यकर्त्यांनी चालवली तेव्हा लोक हसले होते. मैत्रिणींनो, बाजारातलं स्वच्छ, फुकट स्वच्छतागृह हा या बाईच्या औषधोपचाराचाच भाग आहे. ते नसेल तर बाटलीतल्या औषधाचा उपयोग काय?

दुसरी अडचण ताटातली. पूर्वी अशा रुग्णांची प्रथिनं बंद करत. डाळ नको, दूध नको, अंडं नको. हे पथ्य आता मागे पडलं आहे. उलट प्रथिनं कमी पडली की स्नायू झिजतात, आणि अमोनियाचा निचरा करण्यात स्नायूंचाही वाटा असतो. आज तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. वरण, उसळ, पिठलं, दही, ताक हे उत्तम. फार वेळ उपाशी राहायचं नाही, रात्री झोपण्याआधी थोडं काही खायचं. आता आपल्या घरात बघा. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी कोण? सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणारी कोण? ‘लिव्हर खराब आहे, तिला साधा भातच द्या’ म्हणून जिच्या पानातलं वरण काढून घेतलं जातं ती कोण? नवरा आजारी पडला तर त्याच्यासाठी अंडी येतात. बाई आजारी पडली की तिचं पथ्य पाळलं जातं!

झोपेच्या गोळीबद्दल एक इशारा. रात्री झोप नाही म्हणून दुकानातून गोळी आणून देऊ नका. या आजारात ती माणसाला थेट बेशुद्धीकडे नेऊ शकते.

आता अवघड भागाकडे येते. ‘तो आजारामुळे मारतो का?’ हा प्रश्न बायका मला विचारतात, आणि आपल्या सल्ला केंद्रांतही तो येणारच. चिडचिड हे या आजाराचं लक्षण असू शकतं. पण तीन गोष्टी विचाराव्यात. हे कधी सुरू झालं? लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मारणाऱ्याचं खापर पन्नाशीतल्या आजारावर फोडता येणार नाही. तो कुणावर चिडतो? आजार साहेब आणि बायको असा भेद करत नाही, तो माणूस करतो. आणि उपचाराने फरक पडतो का? उत्तर काहीही येवो, बाईची सुरक्षितता आधी. आजार असेल तर औषध द्यायचं. पण मार खाणं हा शुश्रूषेचा भाग नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा रुग्णाच्या बायकोलाही लागू आहे.

याची दुसरी बाजू विसरू नका. उद्या बाईच्या केसपेपरवर ‘मेंदूवर परिणाम’ असे शब्द आले, तर तेच तिच्याविरुद्ध वापरले जातील. वेडी ठरवून माहेरी धाडणं, घटस्फोटाचा अर्ज करणं, तिच्या नावावरचं घर काढून घेणं, हे आपण दुसऱ्या आजारांत पाहिलं आहे. म्हणून ठणकावून सांगा, हे वेड नाही, उपचाराने सुधारणारी अवस्था आहे. तिचं मत, तिची सही, तिची मुलं तिचीच आहेत. मात्र घराचे, जमिनीचे, कर्जाचे कागद पुढे आले तर घाई करू नये. विश्वासातल्या माणसासमोर मोठ्याने वाचून घ्यावेत आणि मन ताळ्यावर असलेल्या दिवशीच सही करावी.

शेवटी आपल्या कामाबद्दल. सिरॉसिसचा रुग्ण असलेल्या घरातल्या बाईला कॅलेंडरवर चार खुणा करायला शिकवा: झोप, शौच, चुका, औषध. ते कॅलेंडर घेऊन तिला दवाखान्यात पाठवा, जमलं तर सोबत जा आणि विचारा, ‘मेंदूची चाचणी केली का?’ गुंगी, बरळणं, दिवस-वार न कळणं, ताप, काळी शौच किंवा रक्ताची उलटी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’साठी २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, ती मिळवून द्या. आणि शुश्रूषा करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दुपार तरी सुटी मिळेल अशी पाळी गटातल्या बायकांनी लावून घ्या.

‘वेंधळी’, ‘विसरभोळी’, ‘कामचुकार’, ‘चोर’ हे शब्द बाईला फार स्वस्तात चिकटवले जातात. पुढच्या वेळी आपल्या बैठकीत कुणाचा हिशेब चुकला, कुणी तीनदा निरोप विसरली, तर आवाज चढवण्याआधी एक प्रश्न विचारूया, “बाई गं, तुझी तब्येत बरी आहे ना?” त्याला पैसे लागत नाहीत. आणि तो प्रश्न आपण एकमेकींना नाही विचारायचा, तर कुणी विचारायचा?